कुंडीतील झाडांचे पाणी आणि मुळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर, बाल्कनीत किंवा खिडकीच्या जाळीत वाढवलेल्या तुळस, कढीपत्ता, लिंबू, मोगरा, गुलाब, जास्वंद अशा झाडांच्या बहुतेक तक्रारी पानांवर दिसतात, परंतु त्यांचे कारण मातीखाली असते. पान पिवळे पडले की खत, मलूल झाले की पाणी आणि डाग दिसला की औषध, हा उपचार झाडाला आजारापेक्षा अधिक महागात पडतो. म्हणून खालील प्रत्येक उत्तरात उपायापेक्षा निदानाला आधी स्थान दिले आहे.

माती ओली असतानाही झाड मान टाकते. असे का होते?

मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत काही भाग पाणी आणि काही भाग हवा असली, म्हणजेच कुंडीत वाफसा असला, तर मुळे श्वसन करतात आणि त्या ऊर्जेवर पाणी व अन्नद्रव्ये वर चढवतात. सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. आधी मुळांची कोवळी टोके मरतात आणि पाणी शोषण्याचे बरेचसे काम याच टोकांकडे असल्यामुळे झाड पाण्यात उभे राहूनही तहानलेले राहते. पाहणाऱ्याला मलूल पाने दिसतात, तो आणखी एक तांब्या पाणी ओततो आणि उरलीसुरली मुळेही जातात. कुंडीतील झाडे मरण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे. उष्ण हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते, कारण तापमान वाढले की मुळे आणि मातीतील सूक्ष्मजीव दोघेही प्राणवायू लवकर संपवतात.

पाणी जास्त झाले की कमी, हे केवळ पानांवरून ओळखता येते का?

अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. पाणी कमी पडलेल्या झाडाची पाने हाताला कोरडी, कागदासारखी लागतात, कडा आत वळतात आणि करपतात, आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत झाड पुन्हा ताठ होते. पाणी जास्त झालेल्या झाडाची पाने मऊ आणि लोंबती राहतात, खालची जुनी पाने आधी पिवळी पडून हात लावताच गळतात, नवे शेंडे काळवंडतात आणि पाणी दिल्याने काहीही फरक पडत नाही. मात्र मुळे कुजण्याची शेवटची अवस्था आणि तीव्र दुष्काळ बाहेरून सारखेच दिसतात. त्यामुळे पानांची साक्ष घ्यावी, निवाडा मातीवर सोपवावा.

मातीतील ओल तपासण्याची भरवशाची पद्धत कोणती?

वरचा थर पाहून निर्णय घेऊ नये. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असलेले मिश्रण वरून फिकट आणि कोरडे दिसते, पण दोन इंच खाली ते पिळले तर पाणी निघेल इतके ओले असू शकते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. कुंडी खोल असेल तर बांबूची पातळ काडी तळापर्यंत खोचून पंधरा मिनिटांनी बाहेर काढावी, म्हणजे काडीचा कितवा भाग काळपट आणि ओला झाला आहे आणि त्याला किती माती चिकटली आहे यावरून आतली स्थिती कळते. काडी खोडाजवळ न खोचता कुंडीच्या कडेपासून थोडे आत खोचावी, म्हणजे मोठी मुळे दुखावत नाहीत.

लहान कुंड्यांसाठी वजन हा सर्वांत चांगला मापक आहे. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर एकदा कुंडी उचलून पाहावी आणि झाडाला पाण्याची खरी गरज असताना पुन्हा उचलावी. हा फरक हाताच्या लक्षात राहतो आणि पुढे कुंडी थोडी तिरपी करूनही अंदाज येतो. बाजारात मिळणारे स्वस्त ओलमापक मुख्यत्वे मातीची विद्युतवाहकता मोजतात. मातीत क्षार साठले असतील तर ते प्रत्यक्षापेक्षा अधिक ओल दाखवतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

झाड कुंडीतून काढून मुळे पाहणे सुरक्षित आहे का?

संशय असेल तर पाहावेच. माती किंचित ओलसर असताना, सकाळी किंवा सायंकाळी, खोड बोटांमध्ये धरून कुंडी उलटी करावी आणि कडेवर हलके ठोकावे, म्हणजे मातीचा गोळा अखंड निघतो. तो न फोडता बाहेरची मुळे पाहून परत ठेवला, तर झाडाला फारसे कळतही नाही.

निरोगी मूळ पांढरट किंवा मलईच्या रंगाचे, टणक असते आणि ओढल्यास लगेच तुटत नाही. कुजलेले मूळ तपकिरी किंवा काळे असते. ते दोन बोटांत धरून हलके ओढले की बाहेरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आतला बारीक दोरा तेवढा हातात राहतो. ही खूण रंगापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, कारण लिंबू आणि कढीपत्त्यासारख्या झाडांची निरोगी मुळेही मातकट, पिवळसर दिसतात आणि केवळ रंग पाहून ती कापून टाकण्याची चूक सहज होते. वासही महत्त्वाचा आहे. चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो, तर हवा न मिळालेल्या मातीला गटारासारखी किंवा नासक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. कुंडी जड असल्यामुळे उलटी करता येत नसेल, तर तळाच्या छिद्रात बोट घालून बाहेर आलेली माती हुंगून पाहावी.

मुळे कुजलेली आढळली तर झाड वाचवता येते का?

निम्म्याच्या आसपास मुळे टणक असतील आणि खोडाचा बुंधा दाबल्यावर मऊ लागत नसेल, तर प्रयत्न जरूर करावा. सर्वप्रथम पाणी आणि खत दोन्ही थांबवावे. मातीचा गोळा काढून सैल माती झाडून टाकावी, मुळे साध्या पाण्याखाली धुवावीत आणि स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने सर्व काळी, मऊ मुळे निरोगी भागापर्यंत कापावीत. जेवढी मुळे गेली असतील, साधारण त्या प्रमाणात वरच्या फांद्याही कमी कराव्यात, अन्यथा उरलेल्या थोड्या मुळांवर सगळ्या पानांचा भार पडतो.

यानंतर पुष्कळजण झाडाला मोकळी जागा मिळावी म्हणून मोठ्या कुंडीत हलवतात आणि इथेच ते झाड हातचे जाते. मोठ्या कुंडीतील जादा माती शोषून घेणारी मुळेच नसल्यामुळे ती अनेक दिवस ओली राहते. उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल अशी लहान, शक्यतो मातीची कुंडी घ्यावी आणि भरड, निचऱ्याच्या मिश्रणात झाड लावावे. एकदा पाणी देऊन ते निथळू द्यावे आणि दोन ते तीन आठवडे उजेड असलेल्या सावलीत ठेवावे. नवी पालवी दिसेपर्यंत कोणतेही खत देऊ नये, कारण जखमी मुळांजवळ खताची तीव्रता वाढली की ती आणखी करपतात.

ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी पाच ग्रॅम प्रतिलिटर या प्रमाणात पाण्यात मिसळून मातीत देता येते. ती पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया अशा मुळे कुजवणाऱ्या रोगकारकांना आळा घालते, परंतु तिचे खरे काम प्रतिबंधाचे आहे. मेलेले मूळ ती जिवंत करत नाही आणि निचरा नसलेल्या चिखलात तीही टिकत नाही. तिच्यासोबत त्याच दिवशी रासायनिक बुरशीनाशक वापरू नये, कारण त्याने तीच मरते.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातल्यास निचरा सुधारतो का?

सुधारत नाही. हा समज फार जुना असून रोपवाटिकांतूनही सांगितला जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बारीक कणांच्या मातीतील पाणी केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या ओढीमुळे, धरले जाते आणि माती पाण्याने पूर्ण भरेपर्यंत ते खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या थरात उतरत नाही. त्यामुळे प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक चिंब थर राहतो आणि त्याची उंची कुंडीवर नव्हे, तर मातीच्या पोतावर अवलंबून असते. तळाशी तीन इंच खडी घातली की तो चिंब थर तीन इंच वर, मुळांच्या अधिक जवळ येतो आणि झाडाची जागा तेवढी कमी होते. भिजवलेला आयताकृती स्पंज आडवा धरून निथळू द्यावा आणि मग उभा करावा, उभा करताच आणखी पाणी गळते. उंच कुंडीत हवा अधिक आणि पसरट कुंडीत ओल अधिक राहते, याचे कारण यात दिसते.

निचरा सुधारायचा असेल तर जाडी वाळू, परलाइट (ज्वालामुखी काचेचे फुगवलेले हलके पांढरे खडे), भाताचा तूस किंवा विटांचा भरड चुरा संपूर्ण मिश्रणात मिसळावा. तळाच्या छिद्रावर माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा तुकडा किंवा एक खापरी, फुगीर बाजू वर करून, पुरेशी आहे. कुंडी सपाट फरशीवर न ठेवता विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी, कारण कित्येकदा छिद्र फरशीलाच चिकटून बंद झालेले असते.

रोज पूजेचे पाणी घालूनही तुळस का वाळते?

तुळशीला दोन परस्परविरोधी त्रास होतात आणि दोन्हींचे मूळ रोजच्या लहानशा तांब्यात आहे. उन्हाळ्यात ते पाणी वरचा इंच-दीड इंच भिजवते, खालची मुळे कोरडी राहतात आणि झाड वरवरच्या मुळांवर जगू लागते. पावसाळ्यात आणि थंडीत तेच पाणी आधीच ओल्या मातीत पडत राहते. त्यात अनेक तयार वृंदावनांची पोकळी अरुंद असते आणि तळाला छिद्रच नसते, किंवा असले तरी सिमेंटने बुजलेले असते. अशा वृंदावनात तुळस दर वर्षी नवी लावावी लागते आणि दोष मात्र झाडाच्या किंवा घराच्या नशिबाला दिला जातो.

वृंदावनाला छिद्र पाडून घेणे हा पहिला उपाय आहे. ते शक्य नसेल तर तुळस छिद्र असलेल्या वेगळ्या कुंडीत लावून ती आत, दोन विटांवर ठेवावी. पूजेसाठी पळीभर पाणी बुंध्याशी अर्पण करावे आणि झाडाचे खरे पाणी माती तपासून, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत द्यावे. श्रद्धेला त्यामुळे कोठेही बाधा येत नाही. दूध किंवा साखर मिसळलेले पाणी मातीत साठून मुंग्या आणि बुरशी वाढवते, ते टाळलेले बरे. मंजिऱ्या वेळोवेळी खुडाव्यात. त्या तशाच राहिल्या तर झाड बी धरून लवकर संपते आणि ते वाळणे मुळांच्या रोगामुळे नसते.

पाणी घातल्याबरोबर ते खालून वाहून जाते. माती चांगल्या निचऱ्याची आहे असे समजावे का?

बहुधा नाही. माती फार कोरडी झाली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून थेट खाली जाते. काळ्या मातीत हे विशेष घडते, कारण ती ओलीने फुगते आणि उन्हात भेगाळते. अशा वेळी कुंडी अर्ध्या तासापर्यंत पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून भिजू द्यावी आणि बुडबुडे थांबले की काढून निथळावी. दुसरी शक्यता अशी की कुंडी मुळांनी गच्च भरली आहे, भिंतीलगत मुळांची वेटोळी झाली आहेत आणि पाणी धरायला माती उरलेली नाही. तेव्हा बाहेरची वेटोळी दोन-तीन ठिकाणी उभी कापून झाड एक-दोन इंच मोठ्या कुंडीत लावावे.

तिसरे कारण नव्या रोपांत आढळते. काळ्या पिशवीत आलेले रोप चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असते आणि तो गोळा तसाच हलक्या मिश्रणात ठेवला की भोवतीचे कोकोपीट ओले राहते, गोळा मात्र आतून दगडासारखा कोरडा राहतो. बोटाने तपासणाऱ्याला ओल लागते आणि रोप पंधरवड्यात वाळते. पुनर्लागण करताना गोळा पाण्यात भिजवून त्याची बाहेरची एक-तृतीयांश माती हळुवार सैल करावी.

लिंबाची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत. हा पाण्याचा दोष आहे का?

असू शकतो. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे, तर जुनी पाने सरसकट पिवळी पडणे हे बहुधा नत्राच्या कमतरतेचे. परंतु महाराष्ट्रातील पठारी भागाच्या चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि माती सतत ओली राहिली की ही अडचण आणखी वाढते. म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, फवारण्याआधी मुळे पाहावीत. मुळे निरोगी असतील तरच फवारणी टिकाऊ ठरते.

लिंबूवर्गीय झाडांच्या बुंध्याला ओल सहन होत नाही. नागपूरच्या संत्राबागांना छळणारा डिंक्या रोग फायटोप्थोरामुळे होतो आणि कुंडीतील लिंबालाही तो गाठतो. बुंध्याची साल ओलसर काळी पडते, तडकते आणि तिच्यातून डिंक पाझरतो. कलमाचा जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे आणि माती किंवा खताची भर त्याच्यावर चढू देऊ नये. रोगट साल खरवडून तेथे बोर्डो मलम लावावे. मलमासाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवून एकत्र करावा. मोरचूद विषारी आहे, ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

हिवाळ्यात कढीपत्त्याची पाने गळतात. पाणी वाढवावे का?

उलट कमी करावे. थंडीत कढीपत्ता वाढ थांबवतो, पाने पिवळी पडून गळतात आणि पाण्याची गरज घटते. फांदीची साल नखाने किंचित खरवडल्यावर आत हिरवे दिसले, तर ऊन तापू लागेपर्यंत धीर धरावा.

मातीवर आणि कुंडीच्या बाहेर पांढरा थर येतो. ती बुरशी आहे का?

बोटाने चोळल्यावर तो खरखरीत, पिठूळ लागला तर तो क्षारांचा थर आहे. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी, जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी आणि वारंवार दिलेले रासायनिक खत यांमुळे तो साठतो. पानांची टोके तपकिरी होऊन करपतात, कारण मातीतील क्षार मुळांना पाणी घेऊ देत नाहीत. कुंडीच्या आकारमानाच्या दोन ते तीन पट गोडे पाणी सावकाश ओतून ते पूर्ण निथळू द्यावे. पावसाचे पाणी यासाठी उत्तम असते आणि वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही क्षारमुक्त असल्यामुळे चालते. पांढरा पदार्थ कापसासारखा मऊ असेल तर ती साधी बुरशी असते आणि ती ओल सतत टिकल्याची खूण समजावी.

मातीतून चिलटे उडतात किंवा मुळांवर गाठी आणि अळ्या दिसतात. काय करावे?

ही तीन वेगळी प्रकरणे आहेत. लहान काळी चिलटे सतत ओल्या, सेंद्रिय मातीत अंडी घालतात. वरचा दीड-दोन इंच थर दोन पाण्यांच्या मध्ये कोरडा होऊ दिला आणि पिवळे चिकट सापळे लावले की ती ओसरतात. मुळांवर मण्यांसारख्या, न निघणाऱ्या गाठी असतील तर त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतील डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींच्या, आहेत. अशी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये, सौम्य प्रादुर्भावात निंबोळी पेंड मिसळावी. चवळी किंवा मटकीच्या मुळांवरील गाठी मात्र नखाने सहज सुटतात, आतून गुलाबी असतात आणि उपकारक असतात. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची जाड अळी म्हणजे हुमणी. ती न कुजलेल्या शेणखतातून येते आणि मुळे खाते. चांगले दिसणारे झाड एका दिवसात मलूल झाले आणि ओढताच हातात आले, तर हुमणीचा संशय घ्यावा. माती पसरून अळ्या वेचणे हा कुंडीपुरता सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पाण्याचे वेळापत्रक कसे असावे?

वेळापत्रक नसावे, तपासणी असावी. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुण्यात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, त्यामुळे एकाच मिश्रणाची एकच सूचना दोन्हीकडे लागू पडत नाही. कोकणात आणि मुंबईत जूनपूर्वीच छिद्रे मोकळी करावीत, कोकोपीट कमी आणि भरड घटक अधिक ठेवावेत, अडेनियमसारखी जाड खोडात पाणी साठवणारी झाडे आडोशाला घ्यावीत. उघड्यावर पाऊस पडत असतानाही दाट पानांच्या झाडाखालची माती कोरडी राहू शकते, तेव्हा ‘पाऊस आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

एप्रिल-मेमध्ये दुपारी जास्वंद आणि हायड्रेंजियासारखी मोठ्या पानांची झाडे ओली माती असूनही मलूल दिसतात, कारण पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या क्षमतेपेक्षा जास्त होतो. सायंकाळी ती सावरली तर काळजी नाही, सकाळीही तशीच राहिली तर मुळे पाहावीत. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या विदर्भाच्या उन्हात इतक्या तापतात की भिंतीलगतची मुळे भाजतात. त्यांना गोणपाट गुंडाळावे किंवा त्या एकमेकींच्या सावलीत ठेवाव्यात. दुपारी गच्चीवरच्या टाकीतील आणि पाइपात साठलेले कढत पाणी झाडाला देऊ नये.

कुंडीखाली थाळी ठेवावी का?

ठेवल्यास पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासाने ती रिकामी करावी. साचलेले पाणी मुळे कुजवते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास त्याच पाण्यात होते. आठवड्यातून एकदा थाळ्या घासून कोरड्या कराव्यात, कारण डासाची अंडी थाळीच्या भिंतीला चिकटून राहतात.

मेलेल्या झाडाची माती पुन्हा वापरता येते का?

झाड पाण्याअभावी गेले असेल तर गांडूळखत मिसळून ती खुशाल वापरावी. मुळे कुजून गेले असेल तर जुनी मुळे वेचून काढावीत, माती ओलसर करून काळ्या पिशवीऐवजी पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ पसरावी आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात चार ते सहा आठवडे कडा दाबून बंद ठेवावी. कुंडीही घासून, धुऊन उन्हात वाळवावी. त्यानंतर मातीत ट्रायकोडर्मा मिसळलेले मुरलेले शेणखत घालावे आणि पहिल्या हंगामात तेथे लिंबू किंवा तुळस न लावता मेथी, कोथिंबीर यांसारखी कमी मुदतीची भाजी घ्यावी. रोपे उगवल्यावर बुंध्याशी कुजून आडवी पडू लागली तर ती माती कुंडीत परत न भरता टाकून द्यावी.